इंग्रजी धावते, मराठी चालते

अंतर्गत परीक्षेसाठी अनुवादाचा उतारा निवडताना आम्ही एक पथ्य पाळतो. उताऱ्यात अवघड शब्द घालायचे नाहीत. अवघड शब्दाचा अर्थ मुले पाठ करून येतात, नाहीतर शेजाऱ्याला विचारतात. त्यावरून मुलाला भाषा किती कळते याचा काही अंदाज येत नाही. खरी कसोटी लागते ती सोप्या शब्दाशी. म्हणून २०१५ साली दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला आम्ही एका विधवा बाईची लहानशी गोष्ट दिली आणि तीत इंग्रजीतले 'रन' हे क्रियापद पाच ठिकाणी पेरून ठेवले. बाईच्या परसातून ओढा 'रन' होत होता, थंडीत तिच्या मुलाचे नाक 'रन' होत होते, तालुक्याची बस दिवसातून एकदा 'रन' होत होती, महिनाअखेरीस पैसे 'रन आउट' होत होते आणि नवऱ्याच्या माघारी अकरा वर्षे ती बाई एकटीने घर 'रन' करत होती.

ओढा बहुतेकांनी वाहता ठेवला, नाकही वाहते किंवा गळते ठेवले. बस कोणी चालवली, कोणी धावती केली, पैसे सर्वांनीच संपवले. पाचव्या वाक्यापाशी मात्र एका मुलीने लिहिले, 'अकरा वर्षे ती बाई घर धावली.'

आम्ही त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली, समासात प्रश्नचिन्ह काढले, गुण कापला. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. परंतु अध्यापकाला हशाचा मोह फार. पुढच्या तासाला आम्ही ते वाक्य नाव न घेता वर्गात वाचून दाखवले आणि 'गाडी धावेल, घोडा धावेल, पण घर कसे हो धावेल?' असे काहीसे बोललो. वर्ग हसला, आम्हीही हसलो. वाक्य कोणाचे हे वर्गाला कळले नाही, पण तिसऱ्या बाकावरची एक मुलगी वहीत पाहत राहिली, हे आम्हाला दिसले होते.

त्या क्रियापदाचा विचार आम्ही नीट केला तो पुढे, निराळ्या कारणाने. ते कारण शेवटी सांगू. आधी क्रियापदाकडे पाहू.

ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश घेतला तर त्यातल्या सर्वांत विस्तृत नोंदीचा मान बराच काळ 'सेट' या क्रियापदाकडे होता. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे सुमारे ४३० अर्थ नोंदलेले होते. तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदींची फेरतपासणी सुरू झाली तसा हा मान आधी 'मेक'कडे, २००७ मध्ये 'पुट'कडे आणि २०११ मध्ये 'रन'कडे गेला. 'रन'चे अर्थ भरले ६४५. पीटर गिलिव्हर या कोशकाराला या एका क्रियापदावर नऊ महिने खर्ची घालावे लागले. दोन-तीन वर्षांचे इंग्रज मूलही जो शब्द सहज बोलते, त्याचा आवाका कोशकाराच्या आयुष्यातले पाऊण वर्ष खातो. सोप्या शब्दांविषयीचा आमचा संशय यावरून अधिकच दृढ झाला.

एवढे अर्थ एका धातूला चिकटतात कसे? मुळात जुन्या इंग्रजीतल्या या क्रियापदात धावणे आणि वाहणे असे दोन्ही अर्थ होते. जर्मन भाषेने पुढे वाटणी करून घेतली. तिथे 'रेन्नेन' म्हणजे धावणे आणि 'रिन्नेन' म्हणजे वाहणे किंवा झिरपणे. इंग्रजीने वाटणी केली नाही, एकाच चुलीवर दोन्ही भांडी ठेवली. म्हणून तिथे घोडाही धावतो, नदीही धावते, नळही धावतो आणि सर्दी झालेले नाकही धावते. हे ऐकून आमची मुले हसतात तेव्हा आम्ही त्यांना संस्कृतातला 'द्रु' हा धातू दाखवतो. द्रु म्हणजे धावणे. 'द्रुत' त्यातूनच आला आणि 'द्रव'ही त्यातूनच आला. पाण्याला द्रव म्हणताना आपण त्याला धावणारेच म्हणत असतो. 'धाव्' या धातूचे चरित्र तर याहून गमतीचे. धातुपाठाने त्याला गती आणि शुद्धी असे दोन्ही अर्थ दिले आहेत. सकाळी 'दंतधावन' करणारा मनुष्य दात घेऊन कुठे धावत नसतो. तो ते घासून स्वच्छ करत असतो. वाहते पाणी मळ नेते, या साध्या अनुभवाने हे दोन अर्थ कधीकाळी शेजारी आले असावेत, असे मानायला आम्हाला आवडते.

परंतु इंग्रजी क्रियापदाचा खरा विस्तार झाला तो यंत्रयुगात. गिरणी 'रन' होऊ लागली, इंजिन 'रन' होऊ लागले. मग यंत्राच्या पाठोपाठ धंदा, कचेरी, संस्था आणि सरकार यांनाही तीच गती मिळाली. घरही त्याच रांगेत. आज संगणकावरची आज्ञावलीदेखील 'रन' होते आणि आमची मराठी मुलेसुद्धा 'प्रोग्रॅम रन झाला' असेच सांगतात.

मराठीत हे सारे धावत नाही, चालते. गिरणी चालते, घड्याळ चालते, दुकान चालते, खटला चालतो, संस्था चालते, घर चालते. इंग्रजीने जिथे शर्यतीचे पाऊल घेतले, तिथे मराठीने वाटसरूचे घेतले. यावरून इंग्रज उतावळा आणि मराठी माणूस सावकाश, असा सिद्धान्त कोणी काढू नये. क्रियापदावरून समाजाची जन्मपत्रिका मांडण्याचा उद्योग फसवा असतो. निवडणुकीचेच पाहा. अमेरिकन उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' होतो, ब्रिटिश उमेदवार उभा राहतो, आपला उमेदवार उभाही राहतो आणि निवडणूक लढवतोही. यावरून स्वभाव कोणाचा कसा, हे ठरवायला गेलो तर आपणच पडू.

मात्र 'चालणे' या आमच्या क्रियापदाचा एक अर्थ असा आहे की त्याला इंग्रजी 'रन'मध्ये जागा नाही. चालणे म्हणजे खपणे, पत्करणे, मान्य असणे. उपासाला साबुदाणा चालतो, भगर चालते, कांदा चालत नाही. फाटकी नोट चालत नाही. 'चहाऐवजी कॉफी चालेल?' 'चालेल.' या 'चालेल'मध्ये उत्साह नसतो आणि नकारही नसतो. हो म्हणण्याची जबाबदारी न घेता दिलेला तो होकार आहे. लग्नाच्या बोलणीत हा शब्द फार येतो. मुलगी सावळी आहे, चालेल. शिक्षण थोडे कमी आहे, चालेल. मुलीचे वडील निरोपाची वाट पाहत असतात तो याच शब्दाच्या. आणि एखाद्याला घराबाहेर काढायचे तर त्यासाठीही याच धातूचा उपयोग होतो: 'चालता हो', 'चालती हो'. घर चालवणारीला घरातून चालती करता येते, ही सोय मराठीने एकाच क्रियापदात करून ठेवली आहे.

इंग्रजी 'रन'ने मराठीला दिले तेही थोडेथोडके नाही. विमानतळावरची धावपट्टी त्याची, आकाशवाणीवरचे धावते वर्णन त्याचे. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनाने क्रिकेटची जी परिभाषा घरोघर पोहोचवली, तिच्यावर पोसलेली पिढी धावसंख्या, धावफलक, धावबाद हे शब्द जन्मजात मराठी असल्यासारखे वापरते. चेंडू सीमेपार गेला की फलंदाज जागचा हलत नाही, तरी त्याच्या नावावर चार धावा चढतात. इंग्रजीतल्या 'मेडन' षटकाला कुमारिका न म्हणता 'निर्धाव' म्हणण्याची सुबुद्धी ज्या कोणाला झाली, त्याला आमचा नमस्कार. उलट काही ठिकाणी मराठी धावते तिथे इंग्रजी उडते. आपली 'धावती भेट' तिकडे उडती असते. आणि गोधडीला घालतात तो धावदोरा. तिथे दोन्ही भाषांतली सुई सारख्याच पावलांनी पळते.

पण 'धावा' म्हटल्यावर जुन्या मराठी माणसाच्या कानाला आधी फलक ऐकू येत नसे. संकटात देवाला मारलेली हाक म्हणजे धावा. द्रौपदीने कृष्णाचा धावा केला, गजेंद्राने विष्णूचा केला. हाक भक्ताने मारायची आणि धावायचे देवाने, पण शब्द हाकेला मिळाला. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून वेळापूरकडे जाते तेव्हा वेळापूरच्या अलीकडे उतारावर वारकरी धावत सुटतात. त्या धावण्यालाही धावा म्हणतात. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, असे वारकरी सांगतात. आयुष्यभर चालणाऱ्या परंपरेने तेवढी एक जागा धावण्यासाठी राखून ठेवली आहे.

'धावून जाणे' या प्रयोगाला तर दोन तोंडे आहेत. मदतीला धावून जातात आणि अंगावरही धावून जातात. क्रियापद तेच, वेग तोच. केवळ आधीचे पद पाहून समोरच्याने ठरवायचे, की हात पुढे करायचा की डोके वाचवायचे.

राहता राहिले 'पळणे'. आमच्या भागात मैदानावरची मुले धावत नाहीत, पळतात. शर्यतीतला बैल पळतो, त्याला धावतो म्हटले तर मालक आपल्याला परगावचे समजेल. असा हा निरोगी शब्द. पण त्याचे मूळ संस्कृत 'पलायन'मध्ये आहे आणि ते मूळ अधूनमधून वर येते. पळ काढणे, पळपुटा, पळवाट या शब्दांत कुठेतरी गुन्हा आहे. त्यातही 'पळून जाणे' हा प्रयोग कर्त्यानुसार रंग बदलतो. कैदी पळून गेला तर तो गुन्हेगार. मुलगा घरून पळून मुंबईला गेला आणि पुढे मोठा झाला, तर ती चरित्रातली पहिली हकिगत. मुलगी पळून गेली म्हटले की कोणी 'कुठे' असे विचारत नाही, 'कोणाबरोबर' असे विचारतात. इंग्रजीतले 'रन अवे' तेवढे पाहत नाही. कोण, कोणाबरोबर हे तिथे वेगळे सांगावे लागते. मराठीत ते न सांगता ऐकू येते. आणि मुलगी लहान असली की क्रियापद प्रयोजक होते: 'फूस लावून पळवून नेले'. वर्तमानपत्रांत हे शब्द एखाद्या समासासारखे जोडून येतात. त्या वाक्यात पाय मुलीचे असतात, कर्ता दुसराच असतो.

आता ते कारण.

'घर धावली' लिहिणारी ती मुलगी २०१६ च्या मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर वर्गात येईनाशी झाली. त्याआधी आठवडाभर, एका दुपारी ती विभागाच्या दारात येऊन उभी राहिली होती. 'सर, थोडं बोलायचं होतं.' त्या दिवशी विभागात तपासणी समिती यायची होती, फायली लावायच्या होत्या, आमची धावपळ चालली होती. आम्ही म्हटले, 'उद्या ये.' ती 'चालेल सर' म्हणाली. दुसऱ्या दिवशी समिती होती. तिसऱ्या दिवशी ती आली की नाही, आम्हाला आठवत नाही.

मग तिचे वडील महाविद्यालयात आले. प्राचार्यांच्या खोलीत आम्हालाही बोलावले. स्थळ ठरले होते, मुलाकडच्यांना मुलगी चालत होती, याद्या व्हायच्या होत्या. वडील रागाने बोलत नव्हते. गुडघ्यावर हात ठेवून बसले होते आणि 'पळाली' एवढा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. कोणाबरोबर, असे प्राचार्यांनी विचारले. त्यांना माहीत नव्हते. त्या वेळी त्यांच्या तोंडून एक गोष्ट कळली. ते स्वतः दहा-बारा वर्षे कामासाठी बाहेरगावी होते, सणाला येत. घर सगळे बायकोने पाहिले. सकाळी शेतमजुरी, दुपारी कोणाकडे धुणीभांडी, रात्री गोधड्या शिवणे. 'बाईमाणूस नुसतं धावत असायचं,' ते म्हणाले. आम्ही खुर्चीत थोडे सावरून बसलो. लाल रेघ डोळ्यांपुढे आली.

दोन दिवसांनी कार्यालयाने विभागाकडे लेखी माहिती मागितली. आम्ही एका ओळीत लिहून दिले, 'सदर विद्यार्थिनी दि. ९ मार्चपासून पळून गेल्याने गैरहजर आहे.' लिहिताना जरासुद्धा थांबलो नाही. बाहेर सगळे तोच शब्द बोलत होते. मराठीच्या अध्यापकाने तो शाईने लिहिला, सही केली, खाली शिक्का मारला.

दोन वर्षांनी, २०१८ च्या जूनमध्ये, ती आली. तिला महाविद्यालय सोडल्याचा दाखला हवा होता. पुण्यात एका पाळणाघरात नोकरी करत होती, मुक्त विद्यापीठातून पदवी पुरी करणार होती. लिपिकाने तिची फाईल काढून टेबलावर उघडली आणि तिने आमची ओळ वाचली. तिथून ती सरळ विभागात आली. या खेपेला दारात थांबली नाही.

'सर, मी पळाले नव्हते,' ती म्हणाली. 'सकाळच्या एसटीने गेले. तिकीट काढून.'

आम्ही काही बोललो नाही.

'कोणाबरोबर नव्हते. आईला सांगून गेले. आईने भाड्याचे पैसे दिले. एसटी अर्धा तास उशिरा आली, मी स्टँडवर उभी होते. गावातल्या चार जणांनी बघितलं. पळणारा माणूस अर्धा तास उभा राहतो का?'

या युक्तिवादाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

आम्ही विचारले, 'मग काय लिहायला हवं होतं?' प्रश्न विचारला आणि त्याच क्षणी जाणवले, की तो तिच्यासाठी सोपा आणि आमच्यासाठी अवघड होता. 'गेली' असे नुसते लिहिता येत नाही. मराठीत माणूस गेला म्हणजे वारला. 'सोडून गेली' म्हटले तर मागे राहिलेल्यांचा आक्रोश त्यात येतो. 'निघून गेली' म्हटले तर रुसवा येतो. 'घर सोडले' म्हटले तर संन्यास. जाण्याच्या इतक्या क्रियापदांपैकी सज्ञान मुलगी आपल्या पायांनी, दिवसाढवळ्या, आईला सांगून कामाच्या गावी गेली, एवढे साधे सांगणारे क्रियापद आम्हाला चटकन सुचेना. आम्ही वीस वर्षांच्या आसपास भाषा शिकवत होतो.

'निघाली,' ती म्हणाली. 'निघाली म्हणजे पुढे कुठेतरी पोहोचणार असते ना सर.'

कार्यालयातला कागद फाडता येत नाही. आवक-जावकचा क्रमांक पडलेला असतो. आम्ही त्याच दिवशी दुसरा कागद लिहिला आणि पहिल्याला जोडायला सांगितला: 'सदर विद्यार्थिनी सज्ञान असून नोकरी व शिक्षणासाठी पुण्यास निघाल्याने परीक्षेस बसू शकली नाही. विभागाच्या पूर्वीच्या पत्रातील शब्दयोजना चुकीची होती.' लिपिकाने वाचून आमच्याकडे पाहिले. 'शब्दयोजना' हा शब्द त्याने बहुधा कार्यालयीन पत्रात प्रथमच वाचला असावा. त्याने टाचणी लावली.

दुरुस्ती करण्यासारखी आणखी एक गोष्ट होती. तीन वर्षांपूर्वीच्या उत्तरपत्रिका रद्दीत गेल्या होत्या, म्हणून ती तोंडी करावी लागली. आम्ही म्हटले, 'तुझं ते वाक्य, घर धावली. वर्गात वाचलं होतं मी.'

'आठवतंय,' ती म्हणाली.

'अनुवाद म्हणून ते चूकच आहे. पण मी हसायला नको होतं. तुला काय म्हणायचं होतं, ते विचारायला हवं होतं.'

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'मला चालवली हा शब्द माहीत होता सर. लिहिलापण होता आधी. खोडला. आईकडे बघून तो बरोबर वाटेना.'

त्या वाक्यात तिने व्याकरण मोडले होते, हे खरे. धावणे अकर्मक आहे, त्याला घर हे कर्म घेता येत नाही. आम्ही वर्गात आजही तसेच शिकवतो आणि गुणही कापतो, कारण परीक्षेत मराठीचा संकेत तपासायचा असतो. पण त्यानंतर आम्ही अशा वाक्यापाशी समासात प्रश्नचिन्ह काढले की ते मुलाला खरोखर विचारतो. बहुतेक वेळा उत्तर 'कळलं नव्हतं सर' असेच येते. क्वचित एखाद्या वेळी दुसरे काही निघते. आणि कोणी दारात येऊन 'थोडं बोलायचं होतं' म्हणाले, तर समिती आली असली तरी उठून बाहेर जातो. दरवेळी जमतेच असे नाही.

दाखला घेऊन ती पुन्हा विभागात डोकावली. सव्वाचारची गाडी होती तिची. आम्ही म्हटले, 'सावकाश जा, वेळ आहे अजून.' निरोप घेताना मराठी माणूस 'जातो' म्हणत नाही, ती अशुभ भाषा. तो 'येतो' म्हणतो. तीही तसेच म्हणाली.

'येते सर.'

खिडकीतून स्टँडकडचा रस्ता दिसतो. ती चालत गेली.